एका खोलीची शाळा



शाळा म्हटली की आपणां शहरवासीयांच्या डोळ्यांपुढे इमारत उभी राहते. खेड्यातील शाळेला मात्र पुष्कळ काळ स्वतःचे छप्परच नव्हते. ती देवळाच्या ओवरीत, चावडीत किंवा धर्मशाळेत भरे. मास्तर एक, जागा एक आणि मुले चार इयत्तांची. मास्तर मोठ्यांना हिशेब घालीत, तोवर त्यांच्यातलाच एखादा हुशार मुलगा धाकट्यांकडून पाढे म्हणवून घेई. या रीतीला गावठी म्हणून हसण्याचे कारण नाही. अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासेस मुलांकरवी मुलांना शिकविण्याचा प्रयोग केला आणि १७९७ साली त्यावर पुस्तक लिहून ती पद्धत इंग्लंडात रुजविली. वाळूत अक्षरे गिरविण्याची युक्ती त्याने इकडच्याच शाळेत पाहिली होती.

परंतु जागा एक असली तरी गाव एक नव्हते. ज्यांना देवळाची पायरी बंद, त्यांना तिथे भरणाऱ्या शाळेचीही पायरी बंद. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन केले. रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांची मुले शिकतात, असे दाखवून त्यांनी निदान बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. कोल्हापूर संस्थानात शाहूमहाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा मोडून सर्व मुलांना एकाच शाळेत घेण्याचा हुकूम सुटला. शाळेचा खरा इतिहास आम्हांस इथे दिसतो. भिंती कशाच्या होत्या याहून दारातून आत कोण आले, याला महत्त्व अधिक.

स्वातंत्र्यानंतर खडू-फळा मोहिमेने १९८७ पासून प्रत्येक शाळेस निदान दोन खोल्या आणि दोन शिक्षक देण्याचे ठरविले. २००९ च्या कायद्याने साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेतही दोन शिक्षक हवेत असे सांगितले, आणि पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असे नियमांत आले. मग २०२३ साली महाराष्ट्रात विचार निघाला की, वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्यात.

या विचारात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. पाच मुलांच्या शाळेत खेळाला गडी मिळत नाहीत आणि स्पर्धाही नसते. पण डोंगरातल्या वाडीला पावसाळ्यात मधला ओढा आडवा येतो. सहा वर्षांच्या मुलीला आई रोज पलीकडे धाडील काय? मोठा भाऊ वाहनाने जाईल, ती घरी राहील. शिवाय वाडीतले मतदान, लसीकरण, सभा ही सारी त्याच खोलीत होतात. शाळा उठली की सर्वांची म्हणावी अशी जागाच उरत नाही.

पूर्वी जातीने दार अडविले. आता अंतराने अडू नये. म्हणून पट मोजण्याआधी वाट मोजावी, आणि तीही लहान मुलाच्या पावलांनी, एवढीच आमची विनंती आहे.