दावं स्पष्ट, बिल्ला पुसट

(बायकांसाठीच्या दुपारच्या रेडिओ कार्यक्रमात झालेलं भाषण)



दुपारची भांडी आवरली असतील. कुणी भाजी निवडत असेल, कुणी शेळ्यांमागं बांधावर बसली असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडं द्या.

आज मी कॅमेऱ्याबद्दल बोलणार आहे. कॅमेरा म्हटलं की आपल्याला लग्न आठवतं, बारसं आठवतं. पण आता बचत गटाच्या बैठकीचा फोटो लागतो, कर्जातून घेतलेल्या शेळीचा लागतो, विक्रीला ठेवलेल्या पापड-लोणच्याचा लागतो. म्हणून आमच्या गटानं एक छोटा डिजिटल कॅमेरा घेतला आणि तो माझ्या हातात दिला. कारण एवढंच, की गटात सगळ्यात धाकटी मी. चार महिने मी सटासट फोटो काढले. बटण दाबलं की फोटो येतो, त्यात शिकायचं काय, असं मला वाटायचं.

मग आमच्या आक्कांची म्हैस मेली.

रात्रीचे साडेदहा झाले असतील. गावात लाइट नव्हती. म्हशीचा विमा होता, म्हणून आक्कांच्या मुलानं मला उठवून नेलं. विम्याच्या जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडी नंबर असतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तो नंबर म्हणजे जनावराची ओळख. मी कंदिलाच्या उजेडात वाकले, कॅमेरा बिल्ल्याच्या अगदी जवळ नेला आणि बटण दाबलं. फ्लॅश पडला, पडद्यावर फोटो दिसला. बारक्या पडद्यावर तो बरा वाटला, म्हणून मी घरी आले.

सकाळी डॉक्टर आले. त्यांनी शवविच्छेदन करून दाखला लिहिला. दुपारच्या आत म्हैस पुरली आणि बिल्ला कानातच गेला. तो काढून ठेवायला हवा होता, पण त्या गडबडीत कुणाला सुचलं नाही.

पंधरा दिवसांनी आक्का विम्याच्या कचेरीतून परत आल्या. दाखल्यावरच्या नंबरात एक आकडा इंग्रजी तीन आहे की आठ, ते कळत नव्हतं. तिथले साहेब म्हणाले, बिल्ल्याचा फोटो आहे ना, त्यावरून ठरवू. आम्ही फोटो मोठा करून पाहिला. म्हशीच्या गळ्यातलं दावं असं लख्ख दिसत होतं की त्याचा एकेक धागा मोजावा. आणि त्याच्या पुढं कानातला बिल्ला म्हणजे नुसता पिवळा डाग. दाव्यासाठी काढलेल्या फोटोत दावं तेवढं स्पष्ट आलं होतं.

आक्का मला काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "पोरी, दावं लई झकास आलंय बघ." त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यानंतर मी गावातल्या फोटोवाल्या दादांकडं जाऊन बसायला लागले आणि विचारून विचारून शिकले. तेच आज तुम्हाला सांगते.

आधी ऑटोफोकस म्हणजे काय ते पाहू. सुईत दोरा ओवताना आपण सुई जरा जवळ आणतो, जरा लांब नेतो आणि जिथं भोक नीट दिसतं तिथं हात थांबवतो. कॅमेऱ्याची काच, म्हणजे लेन्स, तेच करते. आतल्या आत ती पुढंमागं सरकते आणि समोरच्या वस्तूच्या कडा जिथं सगळ्यात ठसठशीत दिसतात तिथं थांबते. पूर्वी हे काम हातानं कडं फिरवून करायचे. १९७७ साली जपानच्या कोनिका कंपनीनं आपोआप फोकस लावणारा कॅमेरा बाजारात आणला आणि तेव्हापासून ही सोय सगळ्यांच्या हाती आली.

पण ती आपोआप असली तरी तिला मन नाही. आपल्याला बिल्ला हवा आहे की दावं, हे कॅमेऱ्याला कळत नाही. त्याला फक्त कडा कळतात. समोर गडद-फिकं, रेघा, अक्षरं, विणकाम असेल तर तो झटकन धरतो. सपाट एकरंगी वस्तू असेल तर तो चाचपडतो. नव्यानं सारवलेली भिंत, एकाच रंगाची साडी आणि आपली काळी म्हैस, हे तिन्ही त्याला अवघड. दाव्याला पीळ होता, धागे होते, म्हणून त्यानं दावं धरलं.

आता पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट. कॅमेऱ्याचं बटण एका दमात दाबायचं नसतं. ते दोन पायऱ्यांचं असतं. आधी अर्धं दाबायचं आणि बोट तिथंच धरायचं. तेवढ्यात लेन्स आपलं काम करते. पडद्यावर एक चौकट दिसते, ती बहुतेक कॅमेऱ्यांत हिरवी होते आणि "पीप" असा आवाज येतो. म्हणजे फोकस लागला. मग तेच बोट हळूच पूर्ण दाबायचं. चौकट लाल किंवा पिवळी राहिली, नाहीतर लुकलुकत राहिली, तर फोकस लागलेला नाही. बोट सोडा आणि पुन्हा अर्धं दाबा. मी त्या रात्री एका दमात दाबलं होतं. चौकट कुठं होती ते पाहिलंही नव्हतं.

दुसरी गोष्ट, चौकट कुठं आहे ते बघा. कॅमेऱ्याला मोकळं सोडलं तर तो आपल्या मनानं जागा निवडतो आणि बहुतेक वेळा जवळची, ठसठशीत वस्तू धरतो. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन चौकट मधोमध ठेवून घ्या. जे स्पष्ट हवं ते मधल्या चौकटीत आणा आणि अर्धं दाबा. तुम्हाला ती वस्तू फोटोच्या कडेला हवी असेल, तर बोट अर्धं दाबूनच ठेवा, कॅमेरा हळू वळवा आणि मग पूर्ण दाबा. फोकस लागला तिथंच राहतो. फक्त मधल्या वेळात पुढं किंवा मागं सरकू नका. अंतर बदललं की फोकस गेला.

याचा सराव घरी करता येतो. तुळशीच्या कट्ट्यावर काडेपेटी ठेवा आणि तिच्या मागं हातभर अंतरावर तांब्या ठेवा. एक फोटो काडेपेटीवर चौकट धरून काढा, दुसरा तांब्यावर धरून. मग दोन्ही मोठे करून पाहा. आपण सांगू तिकडं कॅमेरा बघतो, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही.

तिसरी गोष्ट अंतराची. पुस्तक नाकाला लावलं तर अक्षरं दिसतात का? कॅमेऱ्याचंही तसंच आहे. ठरावीक अंतराच्या आत त्याला फोकस लागतच नाही. माझी मोठी चूक हीच होती. बिल्ला इतका जवळ होता की तो धरता येईना, म्हणून कॅमेऱ्यानं त्याच्या मागचं दावं धरलं. जवळून फोटो काढायचा तर कॅमेऱ्यावर फुलाची खूण असते, ती लावा. तिला मॅक्रो म्हणतात. ती लावली की बराच जवळचा फोकस लागतो. पण तेव्हा झूम करू नका. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत झूम केलं की जवळचा फोकस लागेनासा होतो. फुलाची खूण लावूनही चौकट हिरवी होत नसेल तर वीतभर मागं या. थोडा लांबून काढलेला स्पष्ट फोटो नंतर मोठा करून वाचता येतो. जवळून काढलेला पुसट फोटो कितीही मोठा केला तरी डागच मोठा होतो.

चौथी गोष्ट उजेडाची. कडा दिसायला उजेड लागतो. अंधारात कॅमेरा घर्र घर्र करत पुढंमागं करत बसतो. आपल्याला वाटतं फ्लॅश आहे ना. पण फ्लॅश पडतो फोटो काढताना आणि फोकस लागतो त्याच्या आधी. काही कॅमेऱ्यांना पुढच्या बाजूला बारीक दिवा असतो, तो फोकससाठी उजेड टाकतो. त्यावर बोट येऊ देऊ नका. तो नसेल तर दुसऱ्या बाईला बॅटरी धरायला सांगा. बिल्ला चकचकीत असतो, त्यावर समोरून फ्लॅश मारला तर आकडे पांढरे होऊन जातात. म्हणून जरा तिरपं उभं राहा. आणि काळ्या कातड्यावर चौकट ठेवू नका. बिल्ल्याची पिवळी कड किंवा सरळ आकडेच चौकटीत घ्या.

जाळीचंही ध्यानात ठेवा. खुराड्याच्या जाळीतून कोंबड्यांचा फोटो काढला तर कॅमेरा जाळीच धरतो. दार उघडा, नाहीतर लेन्स जाळीच्या भोकाला लावून काढा.

आता माणसांचे फोटो. बऱ्याच कॅमेऱ्यांत चेहरा ओळखायची सोय असते. ती चालू केली की चौकट आपोआप चेहऱ्यावर जाते. बैठकीच्या फोटोत ती उपयोगी पडते. पण भिंतीवर थोरांच्या तसबिरी असतील तर कधीकधी चौकट त्या चेहऱ्यावर जाऊन बसते, तेवढं बघा. बायका दोन-तीन ओळींत बसल्या असतील तर पुढच्या ओळीतल्या बाईवर फोकस लावा, दोन पावलं मागं या आणि ओळी एकमेकींना खेटून बसवा. लोणच्याच्या बरणीचा फोटो असेल तर तेलकट काचेवर नको, चिठ्ठीवरच्या अक्षरांवर फोकस लावा. गिऱ्हाईक तेच वाचणार.

हलणाऱ्या गोष्टी अवघड असतात. खेळती पोरं, उधळलेलं वासरू. फोकस लावेपर्यंत ते पुढं गेलेलं असतं. काही कॅमेऱ्यांत सतत फोकस धरून ठेवायची सोय असते, ती लावा. ती नसेल तर युक्ती करा. वासरू गोठ्याच्या दारातून बाहेर येणार हे माहीत असेल तर दाराच्या चौकटीवर आधीच फोकस लावून बोट अर्धं दाबून थांबा. दारात आलं की दाबा.

फोटो बिघडला की दर वेळी दोष फोकसचा नसतो. फोटो मोठा करून नीट बघा. मागचं किंवा पुढचं काहीतरी लख्ख आहे आणि हवं तेच पुसट आहे, तर फोकस चुकला. सगळंच एका दिशेनं ओढल्यासारखं दिसतं, तर आपला हात हलला. दोन्ही कोपर अंगाला टेकवा, भिंतीला किंवा खांबाला पाठ लावा. बाकी सगळं स्पष्ट आणि फक्त पोराचा हात पुसट, तर हात त्याचा हलला, उजेड वाढवा. आणि सगळाच फोटो दुधाळ दिसला तर लेन्सवर पीठ नाहीतर तेलाचं बोट आहे. स्वच्छ मऊ सुती फडक्यानं हलकं पुसा. पदरानं पुसू नका, त्याला चुलीची राख असते.

ज्यांच्याकडं कॅमेरा नाही, फोन आहे, त्यांनाही हे लागू आहे. फोनच्या कॅमेऱ्यात जे स्पष्ट हवं त्यावर पडद्यावर बोट टेकवा, क्षणभर थांबा, मग काढा. २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी आली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचं काम पुष्कळ घरांत आता बायकांकडं आलं आहे. वाऱ्यात पान हलत असेल तर वारा थांबायची वाट बघा. घाई नको.

आक्कांचं पुढं काय झालं, हे तुम्ही विचारालच. डॉक्टरांच्या नोंदवहीत नंबर नीट लिहिलेला सापडला, त्यावरून दुसरा दाखला मिळाला आणि भरपाई आली. पण आठ महिन्यांनी. त्या आठ महिन्यांत आक्कांच्या घरी दुधाचा पैसा नव्हता. कचेरीच्या सात खेपा झाल्या आणि दर खेपेला दिवसाची मजुरी बुडाली. एक फोटो नीट असता तर हे पंधरा दिवसांत मिटलं असतं.

म्हणून आमच्या गटानं नेम केला आहे. विमा उतरवला की त्याच दिवशी, चांगल्या उजेडात, जनावराचे दोन फोटो काढायचे. एक मालकिणीसह सबंध जनावराचा आणि एक फक्त बिल्ल्याचा. नंतर कागद काय काय लागतील तेही त्याच दिवशी विचारून लिहून घ्यायचं. बिल्ल्याचा फोटो तिथंच पडद्यावर मोठा करायचा आणि बाराही आकडे मोठ्यानं वाचायचे. एकीनं वाचायचे, दुसरीनं विम्याच्या कागदाशी ताडायचे. एक जरी आकडा अडला तरी फोटो पुन्हा काढायचा. गोठा सोडून निघायचं नाही.

आमच्याकडं वाचायचं काम आक्का करतात. पहिल्या दिवशी मी एका दमात बटण दाबायला लागले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "थांब. हिरवं होऊ दे."

तुम्हीही तेवढं लक्षात ठेवा. आज संध्याकाळी काडेपेटी आणि तांब्याचा सराव करून बघा, आणि काय अडलं ते पुढच्या बैठकीत एकमेकींना विचारा.

येते मी. नमस्कार.