दाणे ठेवले चिमणीसाठी, आली कबुतरं

आजचा भाग शक्य असेल तर गॅलरीत नाहीतर खिडकीत उभं राहून ऐका. मी जे बोलतेय ते समोर दिसण्याची बरीच शक्यता आहे. आणि जे ऐकत नाहीयेत, वाचतायत, त्यांच्यासाठी: बोलले तसंच उतरवलंय, फक्त माझे "अं... म्हणजे" तेवढे गाळलेत.

मागचा पक्ष्यांवरचा भाग झाल्यापासून मला मेसेजमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "ताई, चिमण्यांसाठी तांदूळ ठेवते, ज्वारी ठेवते, पण येतात फक्त कबुतरं. काय चुकतंय?"

खरं सांगू? चुकत काहीच नाही. तुम्ही कबुतरांना बोलावलंय, ती आली.

आता हे असं का, ते जरा नीट समजून घेऊ, कारण ते कळलं की बाकीचं सगळं आपोआप सुचतं. चिमणी मोठी झाल्यावर दाणे खाते, बरोबर. पण तिच्या पिल्लाला पहिल्या दिवसांत दाणा चालत नाही. त्याला अळ्या लागतात, किडे लागतात, मऊ आणि भरपूर प्रथिनं असलेलं. मे महिन्यात चिमणी चोचीत हिरवी अळी धरून पळताना बघितलीय ना? ती पिल्लासाठी. आणि कबूतर? कबुतराच्या गळ्यात अन्न साठवायची पिशवी असते, तिच्या आतल्या अस्तरातून दह्यासारखा एक पदार्थ तयार होतो. त्याला कबुतराचं दूध म्हणतात. नर आणि मादी दोघंही ते बनवतात आणि पिल्लाला भरवतात. म्हणजे कबुतराला किडा शोधायची गरजच नाही. दाणे मिळाले की दूध, दूध मिळालं की पिल्लू. वर्षभर दाणे असतील तर वर्षभर पिल्लं.

माझ्या कामाच्या भाषेत सांगायचं तर इनपुट एकच, ज्वारी. पण कबुतराच्या बाबतीत त्याचं थेट पिल्लू होतं, चिमणीच्या बाबतीत होत नाही. त्यात कबूतर अंगाने मोठं, दांडगं, आणि आपल्या बिल्डिंगचे एसीचे कट्टे, डक्ट, पोटमाळे म्हणजे त्याच्यासाठी कड्यातल्या कपारीच. तुम्ही मूठभर दाणे टाकले की निकाल आधीच लागलेला असतो.

हा विषय माझ्यासाठी नुसता हौसेचा नाही. आमच्या घरात यावरून एक वर्ष फार अवघड गेलं.

माझी आजी कोरेगावकडची, सातारा जिल्ह्यातली. पुण्यात आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिने बरोबर आणलेली एकच सवय म्हणजे सकाळी आंघोळ झाली की मूठभर ज्वारी पाखरांना. पाचव्या मजल्यावर. सहा महिन्यांत आमच्या गॅलरीच्या कठड्यावर सकाळी साडेसहाला चाळीस-पन्नास कबुतरं रांगेत बसायला लागली, बँक उघडायच्या आधी बसतात तशी.

खालच्या मजल्यावर एक काका राहतात, रिटायर झालेले. त्यांना कोरडा खोकला सुरू झाला, मग जिना चढताना दम. बरेच महिने औषधं झाली. शेवटी फुप्फुसाच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी तपासण्यांच्या आधी विचारलं, "घराजवळ कबुतरं आहेत का?"

त्या आजाराचं नाव हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. कबुतराची विष्ठा वाळते, तिची भुकटी होते, पंखांचीही बारीक धूळ असते. ती रोज श्वासातून आत गेली की काही लोकांचं शरीर तिच्याशी भांडायला लागतं आणि फुप्फुसाला सूज येते. सगळ्यांना होत नाही. पण ज्यांना होतं आणि ज्यांच्याकडे ती धूळ येतच राहते, त्यांच्या फुप्फुसात कायमचे वण पडू शकतात. ते वण मग जात नाहीत.

काकू वर आल्या होत्या. भांडायला नाही. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "आजी, तुम्हाला कसं सांगू कळत नाही." आजी तेव्हा गप्प बसली आणि दार लावल्यावर मला म्हणाली, "दोन मुठी ज्वारीनं माणसाला दम लागतो होय गं?" मी तिला मोबाइलवर सगळं वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि मग सकाळी उठून मी करू काय?"

मला वाटतं, आपण या सगळ्या वादात हाच प्रश्न विसरतो. २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखान्यांवरून किती तापलं आठवतंय ना? दादरच्या कबुतरखान्यावर महापालिकेने ताडपत्री टाकली, लोकांनी ती ओढून काढली, प्रकरण हायकोर्टात. एका बाजूला फुप्फुसं, दुसऱ्या बाजूला श्रद्धा आणि सवय. मी स्वतः फुप्फुसांच्या बाजूने आहे, त्यात माझ्या मनात गोंधळ नाही. पण रोज सकाळी एका जिवासाठी काहीतरी करायचं, ही आजीची ओढ काही खोटी नव्हती. नुसतं "बंद कर" म्हणून ती मिटत नाही.

आणि आजीची आठवणही खरी होती. गावात ती दाणे टाकायची आणि चिमण्याच यायच्या. पण तिथे दाणा ही सगळ्यात छोटी गोष्ट होती! अंगणात सुपातून पाखडलेलं पडायचं, शेजारी गोठा, गोठ्यात शेण, शेणावर किडे. भिंतीला भोकं, छपराला वळचण. परड्यात वाल-घेवड्याचे वेल आणि त्यांच्यावर मावा. चिमणीचा संसार त्या सगळ्यावर चालायचा. आपण शहरात आलो, बाकी सगळं मागे राहिलं आणि तेवढी मूठ घेऊन आलो.

म्हणून आम्ही दाणे बंद केले आणि पाणी सुरू केलं. कुंभाराकडून एक पसरट परळ आणला. खोली दोन बोटं, जास्त नको. मधे एक खडबडीत दगड, म्हणजे पाय टेकायला जागा आणि पडलेल्या मधमाशीलाही बाहेर यायला वाट. सावलीत ठेवा, मांजर दबा धरून बसू शकेल अशा जागी नको. आणि पाणी रोज बदलायचं. डासाच्या अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, तेव्हा रोज ओतून, नारळाच्या काथ्याने घासून परत भरलं तर डासांची भीती नाही. घासायचं काम आजीने घेतलं. सकाळची वेळ तीच, फक्त हातात ज्वारीऐवजी काथ्या.

कबुतरं लगेच गेली का? छे. दोन-तीन आठवडे कठड्यावर बसून आमच्याकडे बघत होती, उधारी मागायला आल्यासारखी. मग पांगली. पाण्यावर अजूनही एखादं येतं, पण थवा येत नाही.

ज्यांना दाणे द्यायचेच आहेत त्यांच्यासाठी एक जुनी गोष्ट सांगते. भाताच्या लोंब्या किंवा बाजरीचं कणीस दोरीने टांगा. चिमणीला, मनोळीला लटकून खाता येतं. हलत्या कणसावर कबुतराचा तोल राहत नाही. कोकणात, घाटावर दारावर लोंब्यांची तोरणं असायची, आठवून बघा. फक्त खाली ट्रे ठेवा, सांडलेलं संध्याकाळी उचला, नाहीतर खाली परत कबुतरं आणि रात्री उंदीर.

पाव, बिस्किट, शेव, फरसाण नको. मीठ आणि मैदा पाखरांच्या कामाचा नाही. ऑनलाइन ते लाल प्लास्टिकचे साखरपाण्याचे फीडर मिळतात, तेही नको. आपल्या उन्हात ते पाणी बघता बघता आंबतं.

त्यापेक्षा कुंडी लावा. लाल जास्वंद लावली की शिंजीर येतो. तोच तो, उन्हात जांभळा-निळा चमकणारा, बाकदार चोचीचा, अंगठ्याएवढा. हमेलिया लावा, अडुळसा लावा. जमिनीवर बाग असेल तर शेवगा, पपई, तुती. आणि कढीपत्ता! कढीपत्त्याला काळीजांभळी फळं धरतात, बुलबुल आणि कोकीळ त्यावर तुटून पडतात. आपण फोडणीसाठी पानं तोडत राहतो आणि त्याला फुलायलाच देत नाही. एक फांदी सोडा ना त्यांच्यासाठी.

आता जरा न आवडणारी गोष्ट. किडे राहू द्या. जास्वंदीवर मावा दिसला की आपण लगेच फवारणीची बाटली काढतो. चार दिवस थांबा. आमच्याकडे मावा आला आणि त्याच्यामागे शिंपी आला, मग वटवट्या. शिंजीरसुद्धा नुसता मध पीत नाही, पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. आपण औषध मारून पिल्लांचं ताट काढून घेतो आणि मग त्यांना दाणे ठेवतो, असा प्रकार आहे.

आणि कोळिष्टकं! दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या गॅलरीतल्या जुन्या डिशच्या लोंबत्या वायरला शिंजीरच्या मादीने घरटं बांधलं. एकटीने. सुकी पानं, सालीचे तुकडे, कापूस, आणि हे सगळं चिकटवायला कोळ्याचं जाळं. बाजूला दार, दारावर छोटं छप्पर. अंडी उबवायला साधारण दोन आठवडे, पिल्लं उडायला आणखी तेवढेच. महिनाभर आम्ही त्या बाजूला कपडे वाळत घातले नाहीत. सोसायटीचा पेस्ट कंट्रोलवाला आला तर आजी गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून बसली. त्याला म्हणाली, "बाळंतीण आहे आत." तो बिचारा माफी मागून गेला!

चिमणीसाठी लाकडी घरटं लावणार असाल तर भोक ३२ मिलिमीटरचं, म्हणजे सव्वा इंच. त्यातून कबूतर, साळुंकी जात नाही. आठ-दहा फूट उंच, दुपारचं ऊन आणि पंखा टाळून. लावल्यावर रोज डोकावू नका. वर्षभर कुणी आलं नाही तरी राहू द्या.

स्वच्छतेचं थोडं गंभीरपणे सांगते. इंग्लंडमध्ये घराघरात फीडर असतात. तिथे २००५ नंतर ग्रीनफिंच नावाच्या पक्ष्यात ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग पसरला आणि त्यांची संख्या निम्म्याहून खाली आली. एकाच ताटात, एकाच पाण्यात सगळे आले की रोगही वाटला जातो. भांडं धुवायला वेळ नसेल तर ठेवूच नका. गावी जाताय? पालथं घालून जा.

आता मोबाइल. मर्लिन हे अॅप फुकट आहे, आवाजावरून पक्षी सांगतं. कधी कधी चुकतं, म्हणून डोळ्यांनी खात्री करा. दिसलेलं ईबर्डवर टाका, पंधरा मिनिटांची यादी पुरते. तुम्हाला वाटेल माझ्या खिडकीतल्या चार साळुंक्यांचं काय मोल. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांचा अहवाल अशाच ३० हजार लोकांच्या ३ कोटींहून जास्त नोंदींवर उभा आहे. त्यातच दिसलं की कबुतरं जोरात वाढतायत. आणि आधीच्या २०२० च्या अहवालात दिसलं की चिमणी देशभरात बरीचशी टिकून आहे, पण मोठ्या शहरांत कमी होतेय. म्हणजे ती संपली नाहीये, शहरात तिला परवडत नाहीये. आपल्यासारखंच.

काकांचं काय, हे विचाराल. बरे झाले असं मी सांगणार नाही. जिन्यात अजून थांबतात. पण खोकला वाढलेला नाही, आणि काकूंनी बेडरूमची खिडकी, जी वर्षभर टेप लावून बंद होती, ती उघडलीय. परवा त्यांनीच आजीला विचारलं की परळ कुठून आणला.

तर, ज्यांना तोच प्रश्न असेल त्यांच्यासाठी: कुंभारवाड्यात मिळतो, नाहीतर नर्सरीत कुंडीखालची मातीची ताटली घ्या, आतून रंग न दिलेली. बाजरीचं कणीस सुगीनंतर मंडईत कुणा शेतकऱ्याला सांगून ठेवलं तर आणून देतात. आणि तुमच्या गॅलरीत सकाळी काय ओरडतंय ते कळत नसेल, तर तीस सेकंदांची रेकॉर्डिंग पाठवा, पुढच्या भागात मिळून ओळखू. फक्त मागचा मिक्सर बंद करून रेकॉर्ड करा, प्लीज!