नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा, बोटं आपली
(सोलापुरातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज मी चिपबद्दल बोलणार आहे. मोबाईलमध्ये, गाडीत असते ती. सोलापुरात हा विषय कशाला, असं वाटेल. पण बिडी कामगार बायांच्या मुली आता बिडी वळायला तयार नाहीत. आयटीआय करून त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत जाऊ पाहतात. तिथलं काम आपल्याला ठाऊक हवं.

चिपची चकती एका ठिकाणी बनते. तिचे तुकडे करणं, केसाहून बारीक तारा जोडणं, वर कवच चढवणं आणि शेवटी तपासणी, हे काम अनेक कंपन्या बाहेरून करून घेतात. चिपवर नाव एकाचं, कारखाना दुसऱ्याचा. गुजरातेत साणंदला, आसामात जागीरोडला अशा कारखान्यांना केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजुरी दिली.

१९७२ मध्ये इंटेलने मलेशियात पेनांगला जुळणीचा कारखाना काढला. अशा कारखान्यांत खेड्यांतल्या तरुण मुली सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून तारा जोडत. कारण काय, तर बायकांची बोटं चपळ! बिडीबाबतही आपण हेच ऐकत आलो. बोटांचं कौतुक होतं, दाम मात्र मिळत नाही.

बिडी वळणारीने हिशेब विचारला की मालक ठेकेदाराकडे बोट दाखवतो. छाटलेल्या बिड्यांची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणूनच १९६६ च्या बिडी कायद्यात घरी बसून वळणारीलाही कामगार मानलं गेलं, ही मोठी गोष्ट होती. बाया संघटित झाल्या म्हणून २००६ मध्ये कुंभारीला त्यांच्या हक्काची दहा हजार घरं उभी राहिली.

दक्षिण कोरियात सॅमसंगच्या चिप कारखान्यात काम केलेली ह्वांग यू-मी २००७ मध्ये, बाविसाव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेली. तिच्या टॅक्सीचालक वडिलांनी लढा उभारला. इतर आजारी कामगारांची कुटुंबंही जोडली गेली. कंपनीने माफी मागितली ती २०१८ मध्ये. एवढी वर्षं प्रश्न एकच होता: कोणती रसायनं हाताळली, ते कामगाराला कोण सांगणार?

मुलींना अडवू नका. नियमित पगार, स्वतःचं बँकखातं ही त्यांची हक्काची वाट आहे. पण निघण्याआधी विचारायला शिकवू या. नेमणूकपत्रावर सही कुणाची, कंपनीची की ठेकेदाराची? भविष्यनिर्वाह निधी कोण भरणार? रसायनांची माहिती मराठीत, तेलुगूत मिळणार का? आजारी पडले तर जबाबदार कोण?

उत्तर तोंडी नको, कागदावर हवं. बिडीच्या लढ्याने आपल्याला हेच शिकवलं आहे.