कोटी सांगण्याआधी कंस सोडवा

मी सैन्यातून निवृत्त झालेला अधिकारी. पदवी गणितातली. निवृत्तीनंतर बडोद्यात स्थायिक झालो आणि सोसायटीतल्या नववी-दहावीच्या मुलांना रविवारी सकाळी गणित शिकवू लागलो. त्या वर्गात माझ्या हातून झालेली एक चूक आज सांगणार आहे.

विषय बहुपदीची कोटी. हिंदीत तिला 'घात' म्हणतात, इंग्रजी शाळेतली मुलं 'डिग्री' म्हणतात. ही कोटी म्हणजे शंभर लाख नव्हेत आणि पु. लं.ची शाब्दिक कोटीही नव्हे! बहुपदीत एकच चल असेल, तर त्याचा सर्वांत मोठा घातांक म्हणजे तिची कोटी.

'क्षचा घन अधिक १०० क्षवर्ग' ही बहुपदी घ्या. मुलं त्या १०० ला बिचकतात. पण सहगुणक कितीही मोठा असू दे, कोटी ३ च. का? क्षची किंमत १० ठेवा. घन १,००० आणि दुसरं पद १०,०००. क्ष १०० असताना दोघं बरोबरीत, १०-१० लाख. क्ष १,००० केलात की घन १०० कोटी आणि दुसरं पद १० कोटीच. क्ष वाढत गेला की शेवटी मोठ्या घातांकाचंच चालतं.

पदात दोन चलं असतील तर त्यांच्या घातांकांची बेरीज करायची: क्षवर्ग गुणिले यचा घन, कोटी ५. नुसत्या ७ ची कोटी ०. नुसत्या शून्याची कोटी मात्र ठरवत नाहीत. आणि क्षचं वर्गमूळ आलं, तर ती बहुपदीच नव्हे.

आता माझी चूक. मी फळ्यावर लिहिलं: कंसात क्ष अधिक २, गुणिले कंसात क्षवर्ग वजा ३, आणि शेवटी वजा क्षचा घन. एक मुलगी म्हणाली, "सर, कोटी दोन."

मी म्हणालो, "घन समोर दिसतोय आणि दोन कशी? नीट बघ!" आवाज फौजेतलाच होता. ती गप्प खाली बसली.

संध्याकाळी वहीत तेच गणित सोडवलं. गुणाकारातून क्षचा घन येतो आणि पुढचा वजा घन त्याला खाऊन टाकतो. उरतं २ क्षवर्ग वजा ३ क्ष वजा ६. कोटी दोन. पोरगी बरोबर होती.

पुढच्या रविवारी ती मागच्या रांगेत बसली होती. तासभर तिनं हात वर केला नाही. गणितातली चूक खोडता येते, पण तिचा तो हात मी खाली आणला होता.

परेडमध्ये चुकीचा हुकूम गेला, तर देणाराच मोठ्यानं म्हणतो, "जैसे थे!" सगळे पूर्वस्थितीत येतात, मग बरोबर हुकूम दिला जातो. मी वर्गासमोर उभा राहिलो आणि तेवढ्याच आवाजात म्हणालो, "जैसे थे! मागच्या रविवारी मी चुकलो, ही बरोबर होती." मग तिलाच फळ्यावर बोलावलं. तिनं कंस सोडवून दाखवले.

तेव्हा मुलांनो, आधी कंस सोडवा, सारखी पदं एकत्र करा आणि जे उरेल त्यातला सर्वांत मोठा घातांक सांगा. आणि शिकवणाऱ्यांनो, मूल वेगळं उत्तर देतंय असं दिसलं, तर रागावण्याआधी एकदा स्वतः सोडवून बघा.

जय हिंद.