लांच देणाऱ्याचे सात दिवस

लांच घेणारा अपराधी, हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु ती देणारा कोण, अपराधी कीं पीडित, हा प्रश्न कायद्याला फार दिवस छळीत आला आहे. मेहकर वा लोणारकडील एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला महाविद्यालयांत प्रवेश हवा आहे, त्यासाठीं उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि कचेरींत पैशांवांचून कागद हलत नाहीं. अशा वेळीं बाप पैसे देतो तें हौसेनें खास नव्हे.

मराठी मुलुखांत हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो १८८८ सालीं पुण्यास. मध्य विभागाचे कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांजवर लांच घेतल्याचे आरोप आले. मामलेदारांनीं साक्ष द्यावी म्हणून मुंबई सरकारनें त्यांस अभयवचन दिलें, आणि आपण पैसे चारले असें त्यांनीं उघड सांगितलें. चौकशी मंडळाच्या मतें लांच शाबीत झाली नाहीं. हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याबद्दल मात्र साहेबांची नोकरी गेली. परंतु वचन असूनहि खरें बोललेल्या कांहीं मामलेदारांसहि घरीं बसावें लागलें. टिळकांनीं त्यांची बाजू घेतली ती सरकारला त्या वचनाची आठवण देण्यासाठींच.

१९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याचें चोविसावें कलम देणाऱ्याच्या जबानीस संरक्षण देत असे. २०१८ च्या दुरुस्तीनें तें गेलें, आणि लांच देणें हाहि स्वतंत्र गुन्हा ठरला. शिक्षा सात वर्षांपर्यंत. मात्र ज्याला ती देणें भाग पडलें, त्यानें सात दिवसांच्या आंत तपासयंत्रणेस कळविलें तर तो सुटतो. मुदत फारच तोकडी. आठवडी बाजाराला तालुक्यास येणाऱ्या माणसाचा तेवढ्यांत एकच फेरा होतो!

त्याहून बरा मार्ग पैसे देण्यापूर्वींच तक्रार करण्याचा. बुलढाण्यास लांचलुचपत प्रतिबंधक विभागाची कचेरी आहे. १०६४ हा त्याचा विनामूल्य दूरध्वनि. मागणीची आधीं पंचांसमक्ष पडताळणी होते. मग नोटांस फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. घेणाऱ्याचीं बोटें सोड्याच्या पाण्यांत बुडवितांच तें गुलाबी होतें. पण गुलाबी पाण्यानें खटला जिंकला जात नाहीं. पैशांची मागणी शाबीत व्हावी लागते, आणि खटला उभा राहीपर्यंत फिर्यादीवर दडपण येऊन तो साक्ष फिरवितो. म्हणून १५ डिसेंबर २०२२ रोजीं नीरज दत्ता खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें दिलेला निर्णय महत्त्वाचा: फिर्यादी वारला वा फिरला, तरी इतर पुराव्यांवरून मागणी शाबीत करतां येते.

आतां दाखल्याचें काय? त्यासाठीं २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा निराळा आहे. अर्जाची तारखेसह पोंच घ्यावी. मुदत टळली कीं त्याच खात्यांत पहिलें व दुसरें अपील, आणि पुढें सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्यास पांचशें ते पांच हजार रुपये दंड होऊं शकतो. रक्कम थोडी खरी. पण या वाटेनें कोणासहि लांचखोर म्हणावें लागत नाहीं, आणि त्याच कचेरीची पायरी ज्याला पुढील वर्षीं पुन्हां चढावयाची आहे, त्याला ही गोष्ट लहान वाटत नाहीं.