फिर्याद आणि कारस्थान



ज्या वाशीत आपण आज जमलो आहोत ती वाशी आणि तिच्या भोवतीचे हे विस्तीर्ण नगर ९५ गावांच्या भातशेतांवर व मिठागरांवर उभे आहे, याचे स्मरण केल्यावाचून येथे भाषणास आरंभ करणे मला प्रशस्त वाटत नाही. कारण लोकानुनयाचे राजकारण आणि कारस्थानाच्या कथा यांचा जो संबंध मी आज विचारार्थ घेतला आहे, त्याच्या मुळाशी रयतेचा सरकारविषयीचा संशय असतो, आणि त्या संशयाची ओळख या मातीला फार जुनी आहे.

असा संशय केवळ अज्ञानातून उपजतो, ही सुशिक्षितांची समजूत मला मान्य नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले, आणि २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. आपल्या पुतळ्याला डांबर फासले गेले म्हणून कोपलेल्या राणीने रोग्यांची काळजे कापून विलायतेस मागविली आहेत, अशी वदंता त्या दिवसांत शहरात पसरली होती. ती खोटी होती, क्रूर होती. परंतु ज्याचे आप्त सक्तीने इस्पितळात नेले जात व पुष्कळदा परत येत नसत, आणि ज्याला त्या हुकमाचे कारण त्याच्या बोलीत समजावून सांगण्याची तसदी कोणा अंमलदाराने घेतली नव्हती, त्याने ती खरी मानली याचा सारा दोष मी त्याच्या माथी मारू शकत नाही. सरकारने जेथे खुलासा दिला नाही, तेथे लोकांनी आपला खुलासा आपणच रचला.

मात्र त्या वदंतेला कोणी धनी नव्हता. तिच्यावर कोणी मते मागितली नव्हती. लोकशाहीत असा धनी भेटतो. प्रजा निर्मळ आहे, तिचे दुःख खरे आहे, आणि त्या दुःखामागे अमुक मंडळींचा डाव आहे, असे तो सांगतो; पहिली दोन विधाने श्रोत्याला पटलेली असल्यामुळे तिसरे तो पारखून घेत नाही. १९६० साली निघालेल्या ‘मार्मिक’ साप्ताहिकाने मुंबईच्या कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या, आणि त्याच प्रचारातून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणाची बेकारी खरी होती, तिची फिर्याद न्याय्य होती, हे मी निःसंकोचपणे म्हणतो. पण खुर्चीवर कोण बसला आहे एवढेच यादी सांगत होती, नोकरभरती कोणत्या रीतीने होते आणि आपली मुले तीत मागे का पडतात हे सांगत नव्हती. परिणामी पोटासाठी दूरदेशाहून आलेला कारकून कारस्थानी ठरला.

असा संशय जीवही घेतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले; मंगळवेढ्याकडून पोटासाठी निघालेली ती माणसे होती. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवेने दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा बळी घेतला. आणि ज्या अफवेने तेथील मनुष्यवध झाले, तिच्या चौकशीआधीच त्यांवर दुसरी कारस्थानकथा रचली गेली: हे परधर्मीयांचे कृत्य आहे! अटक झालेल्या १०१ जणांची नावे जाहीर करून त्यांत एकही मुसलमान नाही, असे राज्याच्या गृहमंत्र्यांना सांगावे लागले. प्रेते थंड होण्यापूर्वी त्यांचा उपयोग शोधणारे राजकारण मला अधम वाटते.

याउलट १९८४ च्या जानेवारीचा दाखला पाहा. या नगरासाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथील भूमिपुत्र रस्त्यावर उतरले, आणि १६ व १७ तारखेला दास्तान फाटा व नवघर येथे झालेल्या गोळीबारांत पाच जण मृत्युमुखी पडले. त्यांचाही सरकारवर अविश्वास होता; परंतु त्यांची मागणी सातबाऱ्यावर, क्षेत्रफळावर आणि मोबदल्याच्या आकड्यावर उभी होती, तिचे उत्तर देणे शक्य होते, म्हणूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना सरकारला मान्य करावी लागली. कारस्थानकथेचा निकाल असा कधीच लागत नाही, आणि तो लागू नये हीच तिच्या धन्याची इच्छा असते.

लेखकांना आणि संपादकांना माझी एकच विनंती आहे. त्या आंदोलनात चाललेली माणसे उरण-पनवेलच्या गावांत आज वृद्धापकाळी आहेत. भूसंपादनाच्या नोटिसा त्यांच्या घरच्या ट्रंकांत अजून असतील. पुढच्या संमेलनापूर्वी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसा, कैफियती उतरवून घ्या, आणि त्या कागदांसह छापा.