परसातील बाग आणि घरातील माणसे
(कळंब येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात शिक्षण, विवाह आणि निधी या तीन विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. चिटणीसांनी आम्हांस विषयाची मोकळीक दिली आणि आम्ही परसबागेचा विषय घेतला, हे ऐकून काहींच्या मुखावर हसू उमटले असेल. ज्या कळंबात उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची विवंचना पडते, तेथे झाडाझुडपांच्या गोष्टी सांगणे म्हणजे उपाशी माणसापुढे पक्वान्नांचे वर्णन करणे होय, असेही कोणी म्हणेल. हा आक्षेप वाजवी आहे. म्हणून त्यापासूनच आरंभ करतो.

२०१६ चा उन्हाळा आपण कोणीच विसरलेलो नाही. धनेगावच्या मांजरा धरणातील उपयुक्त साठा संपला आणि एप्रिल महिन्यात लातूरकरांसाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. आमच्या घरातही पाणी तांब्याने मोजले जात होते. आमचे वडील जन्मभर शेतात राबलेले. सत्तरी उलटून गुडघे थकले, तेव्हा आम्ही भावंडांनी मोठ्या मायेने त्यांच्या हातचे एकेक काम काढून घेतले. ‘दादा, आता तुम्ही स्वस्थ बसा,’ असे आम्ही म्हणत असू. ते बसले, पण त्यांना स्वास्थ्य लाभले नाही. जेवण कमी झाले, बोलणे आटले, रात्रीची झोप उडाली. औषधोपचार चालू होता, तरी माणूस दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडे.

त्या उन्हाळ्यात आमच्या धाकट्या कन्येने मोरीच्या तोंडाशी बादली ठेवली आणि भाज्या धुतलेले, भांडी विसळलेले पाणी साठवून ती आजोबांपुढे उभी राहिली. ‘आजोबा, हे कोणत्या झाडाला घालू?’ एवढेच तिने विचारले. परसात वाळत चाललेला एक शेवगा होता. आजोबा काठी टेकीत उठले. आळे कसे करावे, पाणी खोडाशी न ओतता कडेने का द्यावे, वर पाचोळा का पसरावा, हे नातीस सांगू लागले. मृगाच्या पावसानंतर त्याच शेवग्यावर दोडक्याचा वेल चढला. पुढे लेकीकडे चार दिवस राहण्याचे निमंत्रण आले, तर ‘वेलास पाणी कोण घालील?’ म्हणून ते दुसऱ्याच दिवशी परतले. दोन वर्षांनी त्यांचे निधन झाले. शेवग्याने मृत्यू टळला नाही. परंतु ती दोन वर्षे घरात त्यांना विचारल्यावाचून काही कामे होत नव्हती, आणि ते जेवत होते, बोलत होते, रागावत होते.

आमची चूक कोठे झाली, हे आम्हांस उशिरा उमगले. विश्रांती देण्याच्या भरात आम्ही त्यांची गरजच संपविली होती. १९७६ साली एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन विदुषींनी अमेरिकेतील एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग पुढे आमच्या वाचनात आला. एका मजल्यावरील वृद्धांस आपल्या दिनक्रमाचे लहानसहान निर्णय आपणच घ्या असे सांगितले आणि प्रत्येकास एक रोपटे सांभाळावयास दिले. दुसऱ्या मजल्यावरही रोपटी दिली. मात्र त्यांची निगा परिचारिका राखतील असे सांगण्यात आले. तीन आठवड्यांनी पाहणी केली, तो पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक प्रसन्न व तरतरीत आढळली. झाड दोन्हीकडे होते. जबाबदारी एकीकडेच होती. परसबागेचे सारे मर्म आमच्या मते यात आहे.

झाडाच्या नुसत्या दर्शनानेही काही लाभ होतो, हे खरेच. रॉजर उलरिक यांनी १९८४ साली शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांविषयी लिहिले, की ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांहून लवकर घरी गेले आणि त्यांस वेदनाशामक औषधेही कमी लागली. तथापि पाहण्यापेक्षा करण्यात अधिक बळ आहे, आणि प्रत्येक वयास करण्याजोगे काम बागेत असते.

प्रथम बालकांचा विचार करू. जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८४० साली आपल्या शिशुशाळेस ‘बालकांचा बगीचा’ या अर्थाचे नाव दिले आणि मुलांस लावणीसाठी वाफेही दिले. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे पाने, बिया, खडे यांनाच शिक्षणाची साधने बनविले. मूठभर घेवड्याचे बी पेरून अंकुराची वाट पाहणारे मूल धीर धरावयास शिकते. तो गुण पुस्तकातून देता येत नाही.

स्त्रियांविषयी तर आपल्याच जिल्ह्याचा दाखला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो घरे व माणसे गेली. त्यानंतरच्या पुनर्बांधणीतून पुढे आलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने मराठवाड्यातील स्त्रियांस एक मार्ग दाखविला : कुटुंबाच्या जमिनीतून अर्धा-एक एकर आपल्या निर्णयाने कसण्यासाठी मागून घ्यावा आणि त्यात कमी पाण्यावर धान्य, कडधान्य व भाजीपाला घ्यावा. या कार्यास २०१६ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. तेच साल, जेव्हा लातुरास पाण्याची गाडी येत होती! येथेही लाभ केवळ भाजीचा नव्हे. काय पेरावे हे ठरविण्याचा अधिकार हातात आला, की स्त्रीची मान ताठ होते.

आता पाण्याविषयी. चार माणसांच्या घरातून भाज्या-भांड्यांचे जे पाणी रोज वाहून जाते, त्यावर एक शेवगा, एक कढीलिंब, मोरीकाठचे अळू आणि एखादा वेल जगू शकतो. मात्र साबणाचे पाणी भाजीस घालू नये. कुंभाराचे कच्च्या रंगाचे, न रंगविलेले मडके गळ्यापर्यंत जमिनीत पुरून भरून ठेवावे व तोंड झाकावे. पाणी पाझरून थेट मुळाशी जाते आणि उन्हाने उडत नाही. वृद्धांस वाकणे जमत नसेल, तर कुंड्या कमरेइतक्या ओट्यावर मांडाव्यात. यास पैका फारसा लागत नाही.

यावरून बाग हा सर्व दुःखांवरील उपाय आहे, असा आमचा दावा नाही. कर्जाचा डोंगर दोडक्याच्या वेलाने उतरत नाही. ज्याचे मन खचले आहे, ज्यास जगणे नकोसे झाले आहे, त्यास विनाविलंब वैद्याकडे नेले पाहिजे. त्याच्या हाती खुरपे देऊन आपण मोकळे होऊ नये. बाग ही औषधाची सोबतीण आहे.

जवळच्या माढा तालुक्यातील अरण गावी संत सावता माळी यांनी मळा हीच पंढरी मानली, अशी आपली परंपरा सांगते. कामातच देव भेटावा, ही त्यांची शिकवण प्रत्येक ज्ञातीस सारखीच लागू आहे.

शेवटी एक विनंती. आपल्या समाजमंदिरामागील मोकळ्या जागेवर सर्वत्र फरशी घालण्याचा ठराव आज पुढे येणार आहे. मंडपासाठी फरशी हवी, हे आम्हांस मान्य आहे. तरी त्यातील निदान अर्धा गुंठा माती उघडी ठेवावी. वसतिगृहातील मुलांनी तेथे पाणी घालावे आणि ज्यांच्या घरी आता ‘स्वस्थ बसा’ असेच म्हटले जाते, त्या ज्येष्ठांनी त्यांस शिकवावे. स्वयंपाकघराचे पाणी तेथवर नेण्यास एका नळीचा खर्च येईल. तो आम्ही वडिलांच्या स्मरणार्थ देतो. पहिले रोप त्यांच्याच शेवग्याच्या फांदीचे असेल. त्यास पाणी कोण घालील, हे सभेने ठरवावे.